स्नॅप-२५ : मेम्ब्रेनला चिकटून राहणारं २०६ अमिनो आम्लांचं प्रोटीन, त्याचं जीन आणि बरंच काही

अक्षतंतू

बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायू सैल पडतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण ते आत जाऊन नेमकं तोडतं काय असं विचारलं की "नर्व्हचा सिग्नल ब्लॉक करतं" एवढ्यावरच बोळवण होते. ते जे तोडतं त्याचं नाव स्नॅप-२५. या प्रोटीनबद्दल सांगण्यासारखं इतकं आहे की कुठल्या प्रतिसादात मावणार नाही, म्हणून वेगळा धागाच काढतोय.

जीन आहे २०व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, २०पी१२.२ या जागी. आठ एक्झॉन, म्हणजे जीनचे प्रोटीन बनवायला वापरले जाणारे तुकडे. त्यावरून बनणारं प्रोटीन २०६ अमिनो आम्लांचं, वजन साधारण २५ किलोडाल्टन, नावातले २५ तिथून आलेत. आणि उंदराचं स्नॅप-२५ आणि माणसाचं स्नॅप-२५ अगदी तंतोतंत सारखं आहे, म्हणजे २०६ च्या २०६ जागी तेच अमिनो आम्ल. उंदीर आणि माणूस कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले तरी एकही जागा बदललेली नाही, याचा अर्थ इथे केलेला बदल शरीराला सहसा खपत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे करतं काय ते. चेतापेशीच्या टोकाशी न्यूरोट्रान्समीटरने, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणाऱ्या रसायनाने, भरलेल्या बारीक बारीक पिशव्या असतात, व्हेसिकल म्हणतात त्यांना, आणि सिग्नल आला की त्या पिशवीचं मेम्ब्रेन (पातळ आवरण) पेशीच्या बाहेरच्या मेम्ब्रेनशी एकजीव व्हावं लागतं तेव्हाच आतला माल बाहेर पडतो. वाचायला सोपं वाटतं पण दोन मेम्ब्रेन आपणहून एकत्र येत नाहीत, दोन्हींच्या पृष्ठभागावर सारखाच चार्ज असतो, मध्ये पाण्याचा थर असतो, त्यांना जवळ रेटायला जोर लागतो. तो जोर तीन प्रोटीन मिळून लावतात. पिशवीवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन, बाहेरच्या मेम्ब्रेनवरचं सिंटॅक्सिन-१ आणि तिसरं आपलं स्नॅप-२५. तिघांना मिळून स्नेअर म्हणतात. सिनॅप्टोब्रेव्हिनचा एक पट्टा, सिंटॅक्सिनचा एक आणि स्नॅप-२५ चे दोन, असे चार पट्टे बाहेरच्या टोकापासून सुरुवात करून मेम्ब्रेनच्या दिशेने चेन लावल्यासारखे एकमेकांत गुंततात आणि गुंतता गुंतता दोन्ही मेम्ब्रेन ओढून एकमेकांना भिडवतात. १९९८ मध्ये या चौपदरी गुंत्याचा क्रिस्टल स्ट्रक्चर प्रसिद्ध झाला. त्यात बरोबर मध्यावर एक थर आहे, बाकी सगळे थर तेलकट पण हा एकच पाण्याशी सलगी असलेला, त्यात सिनॅप्टोब्रेव्हिनकडून आर्जिनिन नावाचं एक अमिनो आम्ल येतं आणि समोर ग्लुटामिन नावाची तीन, त्यातले दोन स्नॅप-२५ चे. याला झिरो लेयर म्हणतात.

बाकीची दोन प्रोटीन मेम्ब्रेनमध्ये एक टोक रुतवून बसलेली असतात. स्नॅप-२५ ला तसं टोकच नाही! ते साध्या पाण्यात विरघळणाऱ्या प्रोटीनसारखं बनतं, आणि मग त्याच्या मधल्या भागात ८५, ८८, ९० आणि ९२ या जागी जी चार सिस्टीन (हेही एक अमिनो आम्लच) आहेत त्यांना पाल्मिटिक ॲसिडच्या शेपट्या जोडल्या जातात. त्या तेलकट शेपट्या मेम्ब्रेनमध्ये घुसतात आणि त्यांच्या जिवावर हे तिथे टिकतं.

आणि आता ज्यासाठी धागा काढला ते. बोटॉक्समध्ये असतो तो बोटुलिनम टॉक्सिनचा ए प्रकार म्हणजे एक प्रकारची कात्री आहे आणि ती स्नॅप-२५ ला १९७ आणि १९८ या दोन अमिनो आम्लांच्या मधोमध कापते. २०६ मधली शेवटची फक्त नऊ जातात. १९७ शिल्लक, मेम्ब्रेनला चिकटलेली, वरवर पाहता प्रोटीन जागेवरच आहे. तरी स्नायू हलत नाही! कारण तो गुंता मेम्ब्रेनच्या बाजूला जिथे संपतो, शेवटची ओढ जिथे बसायची, तीच ही नऊ. ई प्रकारचं टॉक्सिन २६ कापून टाकतं. सी प्रकार स्नॅप-२५ आणि सिंटॅक्सिन दोन्ही कापतो. धनुर्वाताचं टॉक्सिन सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं. ए प्रकार नेमकं हेच कापतो हे १९९३ मध्ये कळलं आणि त्याच वर्षी जेम्स रॉथमन या शास्त्रज्ञांच्या गटाने ही तिन्ही प्रोटीन मेंदूच्या अर्कातून एकत्र ओढून काढली. स्नॅप-२५ १९८९ पासून माहीत होतं, पण ते करतं काय हे त्या वर्षी उलगडायला लागलं. पुढे २०१३ मध्ये रॉथमन, शेकमन आणि सुडॉफ यांना व्हेसिकलच्या वाहतुकीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की "स्नॅप-२५ मध्ये बिघाड" या तीन शब्दांवरून काहीच ठरत नाही. कुठल्या जागी, काय बदललं, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

पिंगळा

जबरदस्त लिहिलंय. एक शंका, नुसत्या चार तेलकट शेपट्यांवर प्रोटीन लटकलंय म्हणजे ते निसटत नाही का? आणि एवढा जोर लावायचा तर नांगर पक्का नको का?

अक्षतंतू

पिंगळा, चांगला प्रश्न आहे. ही जोडणी थायोएस्टर बाँडची असते, म्हणजे ती सुटू शकते आणि पुन्हा जोडता येते. जोडणारी एन्झाइम वेगळी, सोडवणारी वेगळी. त्यामुळे स्नॅप-२५ मेम्ब्रेनवर कायमचं खिळलेलं नाही. पण एकदा सिंटॅक्सिनशी हातमिळवणी झाली की त्याचं धरून ठेवणं सिंटॅक्सिन करतं, आणि सिंटॅक्सिन मेम्ब्रेनमध्ये रुतलेलंच आहे. जोर लागतो तो पट्टे गुंतताना, आणि मेम्ब्रेनमध्ये टोक असलेली दोन प्रोटीन दोन बाजूंनी ओढताहेत, स्नॅप-२५ त्यांच्यामध्ये दोन पट्टे देतंय. मग शेपट्या कशाला? तर योग्य ठिकाणी पोचण्यासाठी. लॅबमध्ये ती चारही सिस्टीन बदलून टाकली की नव्याने बनलेलं प्रोटीन मेम्ब्रेनकडे न जाता पेशीच्या पाण्यात पसरून राहतं.

आणखी एक, काम झाल्यावर हा गुंता सोडवावा लागतो नाहीतर पुढच्या वेळी प्रोटीन मोकळी मिळणार कुठून. तो आपोआप सुटत नाही, भयंकर घट्ट असतो. एनएसएफ नावाचं एन्झाइम एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून तो उलगडतं. म्हणजे पेशी खरा खर्च करते तो सोडवताना, आणि गुंतताना त्याच खर्चाचा फायदा वसूल होतो. मला हे फार सुंदर वाटतं.

आडवाट

मला मानेचा डिस्टोनिया आहे, मान एका बाजूला ओढली जाते, आणि त्यासाठी मी बरीच वर्षं हे इंजेक्शन घेतोय. डॉक्टर दर वेळी सांगतात की लगेच फरक पडणार नाही, आणि खरंच पहिले काही दिवस काहीच वाटत नाही, मग हळूहळू मान सैल पडायला लागते, आणि तीन महिने होत आले की पुन्हा ओढ सुरू. इतकी वर्षं घेऊनही हे असं का याचं कारण मी कधी विचारलं नाही. इंजेक्शनने जीन बदलत नाही ना? आणि प्रोटीन कापलं तर मग ते पुन्हा येतं कुठून?

अक्षतंतू

आडवाट, नाही, जीनला धक्काही लागत नाही. टॉक्सिन पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएशी काही करत नाही, ते फक्त तयार झालेलं प्रोटीन कापतं. जीन शाबूत असल्यामुळे नवीन स्नॅप-२५ बनतच असतं. मग तीन महिने का लागतात, तर कात्री स्वतःच आत टिकून राहते. ए प्रकारच्या टॉक्सिनचा कापणारा तुकडा पेशीत फार चिवटपणे राहतो आणि नवीन आलेलं स्नॅप-२५ पण कापत जातो. ई प्रकाराचा तुकडा पेशी लवकर मोडीत काढते, म्हणून तो जास्त अमिनो आम्लं कापत असूनही त्याचा परिणाम खूप लवकर ओसरतो. शिवाय ए ने कापलेलं १९७ चं बुटकं प्रोटीन मेम्ब्रेनवर राहून बाकीच्यांच्या वाटेतही येतं.

उशिरा फरक का पडतो त्याचं उत्तर आत शिरण्याच्या पद्धतीत आहे. व्हेसिकल बाहेरच्या मेम्ब्रेनशी एकजीव झाली की तिची आतली बाजू क्षणभर बाहेर उघडी पडते, तिथे एसव्ही२ नावाचं प्रोटीन असतं, टॉक्सिन त्याला आणि बाजूच्या गँग्लिओसाइडला (मेम्ब्रेनमधला एक साखर जोडलेला तेलकट रेणू) पकडतं, आणि मेम्ब्रेन पुन्हा आत ओढून नवी पिशवी झाली की तिच्याबरोबर आत जातं. मग पिशवीतलं वातावरण ॲसिडिक झालं की तिथून कात्रीचा तुकडा सुटून पेशीत उतरतो, आणि मग कापाकापी. जी नर्व्ह जास्त काम करतेय तिच्यात हे जास्त होणार, म्हणजे तुमच्या मानेच्या ज्या स्नायूला सतत आदेश जाताहेत तिथल्या नर्व्हच्या टोकांना टॉक्सिन जास्त मिळतं.

पिंगळा

म्हणजे नर्व्ह मरत नाही? मला वाटायचं की ते विष आहे म्हणजे नर्व्ह जळते.

अक्षतंतू

नाही मरत, आणि म्हणूनच बोटुलिझम, म्हणजे याच टॉक्सिनची विषबाधा, झालेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर नीट सांभाळलं तर तो आठवड्यांनी, महिन्यांनी का होईना पण बरा होऊ शकतो. १९९९ मध्ये उंदरांच्या स्नायूत हे प्रत्यक्ष बघितलं गेलं. टॉक्सिन दिल्यावर बंद पडलेल्या टोकापासून नर्व्हला बाजूला नवे फुटवे येतात, सुरुवातीला स्नायूला आदेश ते फुटवे देतात, आणि मग जुनं मूळ टोक पुन्हा कामाला लागलं की फुटवे मागे हटतात. आडवाट, तुमची ओढ परत येते ती यामुळेच.

आडवाट

हे वाचून बरं वाटलं, कारण मला आपलं वाटायचं की शरीराला सवय झाली म्हणून तीन महिन्यांत उतरतंय. डॉक्टर लवकर परत देत नाहीत, तीन महिने थांबायला लावतात, तेही याचसाठी का?

हिरकणी

आडवाटदादा, त्याचं कारण जरा वेगळं आहे. टॉक्सिन हे शेवटी बाहेरचं प्रोटीन, काही जणांचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि मग इंजेक्शनचा उपयोग होईनासा होतो. वारंवार आणि जास्त डोस घेतला तर ही शक्यता वाढते म्हणून साधारण १२ आठवड्यांचं अंतर ठेवतात. तुम्हाला इतकी वर्षं फरक पडतोय म्हणजे तसं झालेलं दिसत नाही, पण दर वेळी फरक कमी कमी वाटायला लागला तर मात्र डॉक्टरांना नक्की सांगा.

चकवा

एक वेगळा प्रश्न. लाळेवरून जेनेटिक टेस्ट करून देणारे रिपोर्ट असतात त्यात स्नॅप-२५ च्या पुढे "एडीएचडीचा धोका वाढलेला" (म्हणजे लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) असं लिहिलेलं मी पाहिलंय. भाच्याच्या रिपोर्टमध्ये तसं आलं आणि घरात सगळे हबकलेत. यात तथ्य किती?

अक्षतंतू

चकवा, याचं मूळ एका उंदरात आहे. कोलोबोमा नावाचा उंदराचा एक वाण आहे, रेडिएशनने त्याच्या २ नंबरच्या गुणसूत्राचा एक तुकडा गेलेला, त्या तुकड्यात स्नॅप-२५ चं जीन आणि आणखीही जीन होती. हे उंदीर सतत धावत असतात, डोळे सदोष, डोकं हलवत राहतात. १९९६ मध्ये त्यांना स्नॅप-२५ चं जीन बाहेरून परत दिलं तर धावणं आटोक्यात आलं पण डोळे आणि डोकं हलवणं तसंच राहिलं. म्हणजे धावण्याचा संबंध स्नॅप-२५ शी, बाकीचं दुसऱ्या जीनमुळे. प्रयोग फार देखणा होता आणि त्यावरून साहजिकच एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये हे जीन तपासायला सुरुवात झाली.

पण मुलांमध्ये जे तपासलं गेलं ते जीन गायब असणं नव्हतं. जीनच्या शेवटी, प्रोटीन न बनवणाऱ्या भागात, एखाद्या अक्षराचा साधा फरक, जो लोकसंख्येत कितीतरी धडधाकट माणसांमध्ये असतो. काही अभ्यासांत थोडासा संबंध दिसला, काहींत नाही दिसला. २०१९ मध्ये २० हजारांहून जास्त एडीएचडी असलेल्या लोकांचा सगळा जीनोम तपासून १२ जागा पक्क्या मिळाल्या, त्यात स्नॅप-२५ नाहीये. त्यामुळे तो रिपोर्ट बाजूला ठेवा, भाच्याकडे बघा. त्याचं लक्ष लागत नसेल, शाळेत त्रास होत असेल तर तज्ज्ञांना दाखवा, तसं काही नसेल तर त्या एका ओळीवरून त्याच्यावर शिक्का मारू नका, कळकळीने सांगतोय.

चकवा

धन्यवाद, हे जसंच्या तसं घरच्या ग्रुपवर टाकतो.

शेवंती

मी इथे सहसा लिहित नाही, वाचतेच फक्त. पण शीर्षक बघून छातीत धस्स झालं. आमच्या मुलीच्या एक्झोम रिपोर्टमध्ये (जीनमधले प्रोटीन बनवणारे सगळे भाग वाचतात ती टेस्ट) हेच जीन आलंय. ती लहान बाळ असल्यापासून फिट येतात, चालायला खूप उशिरा लागली आणि अजून चालताना तोल जातो, बोलते थोडंसं. रिपोर्टमध्ये "डी नोव्हो, लाइकली पॅथोजेनिक", म्हणजे नव्याने झालेला आणि बहुधा आजाराला कारण असलेला बदल, असं लिहिलंय. इंटरनेटवर शोधलं की कुठे बोटॉक्स येतं, कुठे एडीएचडी, कुठे अल्झायमर, आणि काहीच लागत नाही हाताला. मला पहिला प्रश्न हा आहे की माझ्याकडून गरोदरपणात काही झालं का. दुसरं म्हणजे पुढच्या बाळाला पण होईल का.

हिरकणी

शेवंतीताई, मी जेनेटिक काउन्सेलिंगचंच काम करते, म्हणून आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नाही. तुम्ही काय खाल्लंत, कुठे गेलात, किती काम केलंत, कशाची काळजी केलीत, याने हे होत नाही. डी नोव्हो म्हणजे तो बदल तुमच्याही रक्तात नाही आणि बाळाच्या बाबांच्याही नाही, तो बीजपेशी तयार होताना डीएनएची नक्कल करताना नव्याने झालेला आहे. असे ६०-७० नवे बदल आपल्या प्रत्येकात असतात, माझ्यात आहेत, हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकात आहेत, आणि चारातले साधारण तीन वडिलांच्या बाजूने आलेले असतात, त्यातही कोणाचा दोष नसतो. बहुतेक बदल अशा ठिकाणी पडतात जिथे काही बिघडत नाही. तुमच्या मुलीत तो अशा जीनमध्ये पडला जिथे प्रोटीनमधला बदल सहसा खपत नाही, अक्षतंतूंनी वर उंदराचं आणि माणसाचं प्रोटीन सारखं असल्याचं लिहिलंय ते हेच.

दुसरं. आईबाबांच्या रक्तात बदल नसला तरी क्वचित एखाद्याच्या काही बीजपेशींमध्ये तो असू शकतो, रक्तात दिसत नाही. म्हणून आम्ही शून्य असं सांगत नाही, पुढच्या वेळी साधारण १ टक्का असं सांगतो. जागा नक्की माहीत असल्यामुळे गरोदरपणात तेवढीच एक जागा तपासता येते. ते करायचं की नाही हा पूर्णपणे तुमचा निर्णय. आणि डी नोव्हो हे तुमची दोघांची टेस्ट करूनच लिहिलंय ना, म्हणजे ट्रायो केलंय ना, तेवढं बघा. नुसतं मुलीचं सॅम्पल असेल तर तो शब्द लिहिता येत नाही.

शेवंती

हो, आमची दोघांची पण रक्तं घेतली होती. पहिलं उत्तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

मग बोटॉक्सवाल्या गोष्टीशी आमचा काही संबंध आहे का? तिचं पण ते प्रोटीन कापलेलं आहे का?

अक्षतंतू

शेवंतीताई, नाही, कापलेलं नाही. तुमच्या मुलीत एखादं अमिनो आम्ल बदललेलं असणार, रिपोर्टमध्ये "पी." ने सुरू होणारी एक नोंद असेल, त्यात आधी जुनं अमिनो आम्ल, मग जागेचा नंबर, मग नवं. तो नंबर महत्त्वाचा आहे, का ते सांगतो.

या जीनमधल्या बदलाने फिट आणि बौद्धिक अडचण होते हे पहिल्यांदा २०१३ मध्ये एका मुलीत नोंदलं गेलं, तिच्यात बदल ४८व्या जागी होता. २०१४ मध्ये दुसऱ्या एका मुलीत ६७व्या जागी, तिला स्नायूंची कमजोरी, तोल जाणं आणि बौद्धिक अडचण होती. २०२१ मध्ये एकदम २३ जणांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली आणि तेव्हा चित्र जरा स्पष्ट झालं. बहुतेकांना लहानपणीच फिट, विकास मागे, काहींना तोल जाणं, काहींचे स्नायू ढिले तर काहींचे कडक. तुमच्या मुलीचं वर्णन त्यात बसतं.

आता नंबर का. ४८ आणि १६६ या जागा स्नॅप-२५ चा जो भाग सिनॅप्टोटॅग्मिनला टेकतो तिथल्या. सिनॅप्टोटॅग्मिन म्हणजे कॅल्शियम ओळखणारं प्रोटीन, सिग्नल आल्यावरच सोडा असं सांगणारं. तिथे बदल झाला की पिशव्या सिग्नल नसतानाही जास्त फुटत राहतात, आणि सिग्नल आल्यावर जे व्हायला हवं ते नीट होत नाही. ६७ ची जागा पट्ट्यांच्या गुंत्याच्या आतली, तिथला बदल दोन मेम्ब्रेन एकजीव होणंच अवघड करतो. उंदरांच्या चेतापेशींत हे बदल एकेक करून घालून तपासलेलं आहे. म्हणजे एकाच जीनमधले दोन बदल, एकात गळती जास्त, दुसऱ्यात सोडणंच कमी, आणि दोन्हीला नाव एकच. म्हणून दुसऱ्या कुठल्या मुलाचा रिपोर्ट वाचून "आमचंही असंच होणार" असं धरू नका.

सोनचाफा

मध्येच विचारतेय, मी बायोटेकला आहे. आमच्या नोट्समध्ये स्नॅप-२५ ए आणि बी असे दोन प्रकार लिहिलेत. म्हणजे दोन जीन का?

अक्षतंतू

एकच जीन. पाचवा एक्झॉन दोन पर्यायांत आहे, एका वेळी त्यातला एकच वापरला जातो. दोन्ही प्रोटीन २०६ चीच, फरक फक्त नऊ अमिनो आम्लांचा, आणि त्या फरकात एका सिस्टीनची जागाही सरकते. (बोटॉक्सच्या नऊशी याचा संबंध नाही, ती नऊ शेवटची आणि ही मधली, गल्लत होऊ देऊ नका.) गर्भावस्थेत ए जास्त असतं, उंदरात जन्मानंतरच्या काही आठवड्यांत बी त्याच्यावर मात करतं आणि मोठ्या मेंदूत बहुतेक बी च असतं. उंदरांना कायम ए वरच ठेवलं तर मेंदूचं काम नीट चालत नाही.

शेवंतीताई, हे तुमच्याही कामाचं आहे. बदल पाचव्या एक्झॉनमध्ये असेल तर तो दोनपैकी एकाच प्रकारात असतो. वर सांगितलेली ६७ ची जागा तशीच, तो बदल बी प्रकारातला. रिपोर्टमध्ये बदलाच्या नोंदीआधी "एनएम" ने सुरू होणारा एक लांब नंबर असतो, तो कुठला प्रकार धरून वाचलंय ते सांगतो. काउन्सेलरना तो नंबर दाखवून "हा ए आहे का बी, आणि बदल दुसऱ्या प्रकारात येतो का" एवढं विचारा.

पिंगळा

हे प्रोटीन मुळीच नसेल तर काय होतं?

अक्षतंतू

२००२ मध्ये उंदरात करून पाहिलं. पिल्लं गर्भात वाढली, मेंदूची रचना बघायला जवळपास नेहमीसारखी, पण जन्मल्या जन्मल्या मेली कारण श्वास घ्यायला स्नायूंना आदेशच गेला नाही. चेतापेशी तपासल्या तर सिग्नलवर होणारा स्राव बंद, आणि आपोआप होणारी तुरळक गळती मात्र चालू. त्या प्रयोगाने दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे दाखवून दिलं, मघाशी ४८ आणि ६७ बद्दल लिहिलं त्याचा पाया तोच.

सोनचाफा

आणि शेवंतीताईंनी अल्झायमरचं लिहिलंय ते कुठून येतं?

अक्षतंतू

सायनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधले जोड, मोडायला लागले की त्यातलं स्नॅप-२५ पाठीच्या कण्यातल्या पाण्यात उतरतं, अल्झायमरच्या पेशंटमध्ये तिथे त्याचं प्रमाण वाढलेलं सापडतं. म्हणजे ते तिथे सायनॅप्सच्या नुकसानीची खूण म्हणून मोजतात. जीनमध्ये बदल असल्याने अल्झायमर होतो असा त्याचा अर्थ नाही. शेवंतीताई, तो विषय तुम्ही डोक्यातून काढून टाका.

शेवंती

रिपोर्ट काढून बघितला. नंबर इथे टाकत नाही पण तो एक्झॉन ५ मधला नाही, पुढचा आहे, १६० च्या पुढे. अक्षतंतूंनी लिहिलेलं सगळं कळलं असं नाही पण काय विचारायचं ते कळलं. एक शेवटचं, त्या २०१४ च्या मुलीला कुठल्यातरी औषधाने फरक पडला असं मी वाचलं, डायअमिनोपिरिडिन का काहीतरी. ते आम्ही डॉक्टरांकडे मागावं का?

हिरकणी

ताई, नंबर न टाकलात ते बरं केलंत. औषधाबद्दल मात्र जरा थांबा. ३,४-डायअमिनोपिरिडिन नर्व्हच्या टोकातले पोटॅशियम चॅनल अडवतं, त्यामुळे सिग्नल जास्त वेळ टिकतो, कॅल्शियम जास्त आत येतं आणि पिशव्या जास्त फुटतात. त्या मुलीत सोडणंच कमी होतं, स्नायूंची कमजोरी होती, आणि त्या कमजोरीत फरक पडला. तुमच्या मुलीत गळती जास्त आहे की सोडणं कमी आहे हे आधी कळायला हवं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे या औषधाने फिट येऊ शकतात, ज्यांना आधी फिट येऊन गेलेत त्यांना ते देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. त्यामुळे स्वतःहून कुठून मिळवून अजिबात देऊ नका आणि सुरू असलेली फिटची औषधं कुणी काही सांगितलं तरी बंद करू नका. न्यूरोलॉजिस्टना हा २०१४ चा पेपर दाखवायला हरकत नाही, दाखवाच, कारण हे जीन इतकं क्वचित दिसतं की बऱ्याच डॉक्टरांच्या पाहण्यात ते आलेलंच नसतं. सोबत फिटचे व्हिडिओ घेऊन जा, फिट कशी सुरू होते, किती वेळ टिकते, एक बाजू आधी हलते का, यावरून औषध निवडायला त्यांना रिपोर्टपेक्षा जास्त मदत होते.

आणि "लाइकली पॅथोजेनिक" हा शिक्का कायमचा नसतो. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला त्याच डेटाचं पुन्हा विश्लेषण करायला सांगता येतं, रक्त परत द्यावं लागत नाही, आणि दरम्यान त्याच जागी बदल असलेलं आणखी एखादं मूल कुठे नोंदलं गेलं असेल तर ते त्यात दिसतं.